न भरणाऱ्या जखमा आणि आपलें कर्तव्य

घरांतील वडील माणसांच्या पायांस हात लावून नमस्कार करण्याची रीत आपल्यांत अजून टिकून आहे. सणावारीं, परगांवीं निघतांना, परीक्षेस जातांना मुलें ओळीनें वाकतात व आशीर्वाद घेऊन उठतात. परंतु ज्या पायांपुढें आपण इतक्या वेळां वाकतों, त्यांचे तळवे आपण शेवटचे केव्हां पाहिले, असा प्रश्न कोणी केल्यास आपणांपैकीं बहुतेकांस निरुत्तर व्हावें लागेल. प्रस्तुत लेखाचा विषय या न पाहिलेल्या तळव्यांपासूनच सुरू होतो.

पुढील चित्र कोणा एका घराचें नव्हे; पण जत तालुक्यांतच काय, कृष्णाकांठच्या सुखवस्तु गांवांतही तें थोड्याफार फरकानें पाहावयास मिळेल. थोरल्या काकांस बारा वर्षें मधुमेह आहे. गोळी नेमानें घेतात, पथ्य मात्र सणावारीं मोडतें. एके दिवशीं शेतावरून परततांना वहाणेंत बारीक खडा गेला. तो त्यांस टोंचला नाहीं, कारण तळपायाची संवेदनाच मंदावली होती. दोन दिवसांनीं अंथरुणावर डाग दिसला, तेव्हां सूनबाईंनीं पाय उलटून पाहिला. मग उपायांस आरंभ झाला. आजींनीं हळद भरली. शेजारच्या गृहस्थांनीं आपल्या भावास गुण आलेलें मलम आणून दिलें. औषधाच्या दुकानांतून पूड आली, पुण्याच्या भाच्यानें महागडी पट्टी धाडली, कोणीं मध लावण्यास सांगितलें. काका मात्र त्याच पायावर भार देऊन देवपूजा, बाजार व शेत यथासांग करीत राहिले. सहा आठवड्यांनीं अंगठा काळा पडला. मिरजेस नेलें, तेथें अंगठा काढावा लागला. वर्षभरांत पाऊल गेलें.

या घरांत कोणींही हयगय केली नाहीं. प्रत्येकानें आपापल्या समजुतीप्रमाणें प्रेमानें उपाय केला. कोणीं विचारलें नाहीं तें एवढेंच, कीं हा उपाय या जातीच्या जखमेवर उपयोगी पडतो हें कोणीं, कोठें व कसें ठरविलें? हा प्रश्न घरांत विचारला जात नाहीं, आणि सार्वजनिक व्यवहारांतही पुरेसा विचारला जात नाहीं. त्याची किंमत लोकांच्या पायांनीं द्यावी लागते, असें आम्हांस वाटतें.

जखम भरत कां नाहीं?

साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. योग्य काळजी घेऊनही जी महिना-दीड महिन्यांत भरण्याच्या मार्गास लागत नाहीं, तिला चिरकालीन जखम म्हणतात. कांहीं ग्रंथकार ही मुदत तीन महिन्यांची धरतात. अशा जखमांचीं कारणें मुख्यतः चार. पायांतील नीला फुगून रक्त सांचलें म्हणजे घोट्याजवळ जखम होते. रोहिणी अरुंद होऊन रक्त पोचेनासें झालें म्हणजे बोटें व टांच यांवर होते. अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या कंबरेवर व टांचांवर सततच्या दाबानें शय्याव्रण होतो. आणि मज्जातंतूंची संवेदना गेली म्हणजे तळपायास जखम होते. ही मधुमेहांत होते तशीच कुष्ठरोगांतही होते.

या चारांचे उपाय एकमेकांपासून भिन्न आहेत, नव्हे कधीं कधीं उलट आहेत. नीलेच्या जखमेवर घट्ट दाबपट्टी बांधणें हा उत्तम उपाय होय. दाबपट्टीनें अशा जखमा अधिक भरतात हें अनेक चांचण्यांतून सिद्ध झालेलें आहे. परंतु तीच पट्टी रोहिणी अरुंद झालेल्या पायास बांधली, तर उरलेलें रक्तही अडून पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून शेजाऱ्याच्या भावास गुण आला, या एका गोष्टीवरून आपल्या काकांस गुण येईल असें अनुमान काढतां येत नाहीं. शेजाऱ्याच्या भावाची जखम कोणत्या जातीची होती, हें कोणास ठाऊक?

हा विवेक आपल्या परंपरेस नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत व्रणांचे शारीर व आगंतु असे दोन भेद सांगून चिकित्सेचे साठ उपक्रम वर्णिले आहेत, आणि कोणता उपक्रम कोणत्या अवस्थेंत करावा याची फोड केली आहे. व्रणिताचें घर कसें असावें, त्याची शुश्रूषा कशी करावी, यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे कुष्ठ, विष, शोष आणि मधुमेह यांनीं पीडलेल्यांचे व्रण कष्टानें भरतात, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. आयुर्वेदांतील कुष्ठ हा शब्द आजच्यापेक्षां व्यापक आहे हें खरें; तरी कुष्ठ व मधुमेह हीं दोन नांवें एका ओळींत यावींत, हें पुढील हकीकतीच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जतची भूमि आणि अंतर

जत हें पूर्वीं डफळ्यांचें संस्थान होतें. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ सालीं तें नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. क्षेत्रानें हा जिल्ह्यांतील सर्वांत मोठा तालुका. भूमि माळरानाची, पाऊस थोडा, वाटेंत खडे व बाभळीचे कांटे. पूर्वेकडील गांवांत कानडी बोलतात. मार्गशीर्षांत यल्लम्मादेवीची यात्रा भरते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीस दुरून लोक चालत येतात व त्यांत अनवाणी चालणारेही असतात. दुष्काळी गांवांतील कष्टकरी ऊसतोडणीस बागायती भागांत जातात. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारल्यापासून मिरज ही या साऱ्या प्रदेशाची वैद्यकीय पेठ झाली; पण जतहून मिरज-सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर. रोजची पट्टी बदलण्यास एवढें अंतर कोण जाणार?

अशा जखमांचे रुग्ण किती असावे? वाराणशी येथील संशोधकांनीं लोकवस्तींत फिरून केलेली पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दर हजारीं सुमारें साडेचार माणसांस चिरकालीन जखमा आढळल्या. २०११ च्या जनगणनेंत जत तालुक्याची वस्ती सुमारें सव्वातीन लाख होती. तेंच प्रमाण येथें धरल्यास चौदाशें-पंधराशें माणसें होतात. वाराणशी म्हणजे जत नव्हे, आणि हा आंकडा केवळ अंदाजाचा. परंतु तो एका मोठ्या गांवाएवढा आहे. त्यांत मधुमेहाची भर आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत भारतांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लाख निघाली. हा रोग आतां शहरच्या सुखवस्तु माणसांपुरता उरलेला नाहीं.

कुष्ठरोगानें शिकविलेला धडा

मधुमेहाच्या जखमेसंबंधीं जें सर्वांत खात्रीचें ज्ञान आज जगास आहे, त्याचा एक मोठा प्रवाह आपल्याच देशांतील कुष्ठरोग्यांच्या सेवेंतून निघाला आहे. महाराष्ट्रांत या सेवेची थोर परंपरा आहे. मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें काम सुरू केलें. संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री कुष्ठरोगानें जर्जर होऊन १९३९ सालीं सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून घेतलें व आपल्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. ज्या काळीं अशा रोग्याची सावली टाळीत, त्या काळीं त्याच्या जखमांकडे डोळे उघडून पाहणें हीच मोठी क्रांति होती.

त्यापुढची पायरी शास्त्राची. कुष्ठरोग्याचें मांस सडतें म्हणून बोटें झडतात, अशी सार्वत्रिक समजूत होती. १९४६ सालीं वेल्लोर येथें आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं रोग्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें, तेव्हां निराळेंच दिसून आलें. मांसांत स्वतंत्र दोष नव्हता. रोग्यास वेदना कळत नव्हती, इतकेंच. तापलेलें भांडें तो सोडीत नसे. पायांत खिळा रुतला तरी चालत राही. भार व इजा यांपासून जपल्यास त्याची जखम इतरांसारखीच भरून येई. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती गेल्यावर घराचें दार उघडें पडतें.

यावर उपाय निघाला तो साधा. तळपायाच्या जखमेवरील भार काढावयाचा. १९३० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत व सिलोनांत कांहीं डॉक्टर अशा जखम झालेल्या पायास प्लॅस्टर घालून रोग्यास चालूं देत असत. प्लॅस्टरमुळें भार साऱ्या पोटरीवर व तळव्यावर विभागला जाई आणि जखम आंतल्या आंत भरे. वेल्लोरला ही पद्धति पुढें सुधारली गेली. ब्रँड १९६६ सालीं अमेरिकेंत कारव्हिल येथें गेले, आणि तेथून ती मधुमेह्यांच्या उपचारांत शिरली. मग १९८९ सालीं सेंट लुई येथील संशोधकांनीं तिची रीतसर परीक्षा केली. तळपायास जखम असलेले ४० मधुमेही घेतले. कोणास प्लॅस्टर व कोणास नेहमींची मलमपट्टी हें चिठ्ठ्या टाकावें तसें दैवाधीन ठरविलें. प्लॅस्टरच्या २१ पैकीं १९ जणांच्या जखमा भरल्या. मलमपट्टीच्या १९ पैकीं केवळ ६ जणांच्या. आज आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाच्या नियमांत, तळपायाच्या अशा जखमेस रोग्यास स्वतः काढतां न येणारें, गुडघ्यापर्यंतचें भार हलका करणारें साधन हा पहिला उपाय म्हणून सांगितला आहे. अर्थात् पायास रक्त पुरेसें पोचत असावें व जखम फार दूषित नसावी, हें आधीं डॉक्टरांनीं पाहावयाचें असतें.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. काकांच्या जखमेवर काय लावावें याविषयीं घरांत मोठा खल झाला. पण जखमेवरचा भार काढावा, हें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. जखमेवर काय ठेवावें यापेक्षां तिच्यावरून काय उचलावें, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होता.

मधाची कथा

लावण्याच्या औषधांचें काय? यासाठीं शेजारच्याच सोलापूरची एक हकीकत सांगतों. तेथील वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनीं १९९१ सालीं एक चांचणी इंग्लंडमधील शल्यशास्त्राच्या मासिकांत प्रसिद्ध केली. वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकीं निम्म्यांस मध व निम्म्यांस त्या काळचें रूढ चांदीयुक्त मलम लावलें. पंधरा दिवसांत मधाच्या गटांत शेंकडा ८७, तर मलमाच्या गटांत शेंकडा १० जखमा भरल्या. आपल्या भागांतील एका डॉक्टरांनीं घरगुती पदार्थास परीक्षेच्या तराजूंत घालण्याचें धैर्य दाखविलें, ही अभिमानाची गोष्ट होय.

परंतु कथा येथें संपत नाहीं. पुढें इतर चांचण्यांवरून असें दिसलें कीं, तें चांदीयुक्त मलम स्वतःच भाजलेली जखम भरण्यास विलंब लावतें. म्हणजे शर्यतींत मधाची गांठ एका मंद घोड्याशीं पडली होती. तरीही साध्या पट्ट्यांशीं तुलना करतां मध वरवरच्या भाजण्यावर खरोखर उपयोगी पडतो, असा निर्वाळा नंतरच्या मोठ्या समालोचनानें दिला. मग नीलेच्या जखमेवर तो चालेल काय? न्यूझीलंडमध्यें ३६८ रुग्णांवर झालेली चांचणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. सर्वांस दाबपट्टी होतीच. निम्म्यांस वर मध. बारा आठवड्यांत मधाच्या गटांत शेंकडा ५६ व दुसऱ्या गटांत शेंकडा ५० जखमा भरल्या. एवढा फरक योगायोगानेंही पडूं शकतो. आणि मधाच्या गटांत तक्रारी, विशेषतः वेदना, अधिक होत्या. मधुमेहाच्या पायाच्या जखमेसंबंधीं तर तज्ज्ञमंडळाचे नियम सांगतात कीं, ती भरण्याच्या हेतूनें मध किंवा चांदीयुक्त पट्ट्या वापरूं नयेत.

एकच मध, पण भाजण्यावर उपयोगी, नीलेच्या जखमेवर निष्प्रभ व मधुमेहाच्या पायावर अनावश्यक. परीक्षा केली नसती, तर मधाचे भक्त व मधाचे निंदक यांचा वाद जन्मभर चालला असता.

दुर्दैवानें जखमांवरील सर्वच संशोधन इतकें नेटकें नाहीं. अनेक चांचण्या वीस-तीस रुग्णांच्या, कांहीं आठवड्यांत आटोपलेल्या, पट्टी विकणाऱ्या कारखान्यांच्या पैशानें झालेल्या असतात. जखम पूर्ण भरली कीं नाहीं हें न सांगतां ती किती चौरस सेंटिमीटरनें आकसली, एवढेंच सांगतात. पुन्हां उमटली काय, पाय वाचला काय, रोगी कामावर गेला काय, या प्रश्नांचीं उत्तरें त्यांत नसतात. म्हणूनच पुण्याच्या भाच्यानें धाडलेली महागडी पट्टी साध्या स्वच्छ पट्टीहून सरस ठरेलच, असें म्हणण्यास बहुतेक बाबतींत पुरेसा आधार सांपडत नाहीं.

धोरण कसें असावें?

सरकारचें राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्य दीर्घकाळ चाललें आहे. त्यांत बधिर पायाच्या रुग्णास मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला विनामूल्य देण्याची व जखमेची निगा स्वतः कशी घ्यावी हें शिकविण्याची सोय आहे. मधुमेह्याचा बधिर पाय हा त्याच जातीचा पाय. त्यास मात्र अशी सर्वत्र पोचणारी सोय नाहीं. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची साखर व रक्तदाब मोजण्याचें काम गांवोगांव होतें. त्याच वेळीं वहाणा काढावयास लावून दोन मिनिटें पाय पाहिले, तर किती अनर्थ टळेल! दोन रोगांची दोन खातीं असलीं, तरी पाय एकच आहे. सुश्रुतानें जीं दोन नांवें एका ओळींत घातलीं, तीं सरकारी कागदांवरही एका ओळींत यावींत, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी गणतीची. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत न भरणाऱ्या जखमांची वही असावी: जखम कोणत्या कारणाची, केव्हां सुरू झाली, केव्हां भरली, पाय किंवा बोट कापावें लागलें काय. जें मोजलें जात नाहीं त्यासाठीं पैसाही मंजूर होत नाहीं. आरोग्य-साहाय्याच्या योजनांची घडण मुख्यतः रुग्णालयांत दाखल झालेल्यांसाठीं असते. पाय वाचविणारी रोजची पट्टी, जोडा व प्लॅस्टर यांचा खर्च घरावर पडतो. आणि पायास विश्रांति द्या, हें वाक्य उच्चारण्यास सोपें असलें तरी ऊसतोडणीस जाणाऱ्या माणसास त्याचा अर्थ मजुरी बुडणें असा होतो. धोरणकर्त्यांनीं हा खर्चही जमेस धरावा.

तिसरी मागणी संशोधनाची. मिरज, सांगली व सोलापूर येथें वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, रुग्ण आहेत, विद्यार्थी आहेत. मुंबईच्या शीव येथील डॉक्टरांनीं भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून तिची तुलना उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीशीं केली व ती २००३ सालीं प्रसिद्ध केली; दोन्ही सारख्याच उपयोगी, पण पान पुष्कळच स्वस्त, असा निष्कर्ष निघाला. असे प्रश्न चिरकालीन जखमांविषयींही विचारावे: खेड्यांत घालतां येईल असें प्लॅस्टर, आशाताईंनीं घरीं येऊन केलेली पट्टी, मराठीप्रमाणें कानडींतही दिलेल्या सूचना यांनीं किती पाय वाचतात? महाविद्यालयांनीं एकत्र येऊन मोठ्या संख्येनें रुग्ण घ्यावे, चांचणी आधीं जाहीर नोंदवावी (देशांत यासाठीं २००७ पासून नोंदवही आहे), आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करावा.

घरीं काय करावें?

सरकार जागें होईपर्यंत घरानें झोपूं नये. पुढील परीक्षा कोणासही करतां येईल. ती इंग्लंडांतील इप्सविच येथील डॉक्टरांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केली. मधुमेही माणसास डोळे मिटून बसवावें. दोन्ही पायांच्या अंगठ्यास, मधल्या बोटास व करंगळीस, टोंकाशीं, आपल्या तर्जनीनें हलकेंच एक-दोन सेकंद स्पर्श करावा. दाबूं नये, घासूं नये. स्पर्श कळतांच त्यानें सांगावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं कळलें नाहीं, तर त्या पायांची राखणदार निघून गेली आहे असें समजून डॉक्टरांस दाखवावें.

अशा माणसानें घरांतही अनवाणी फिरूं नये. वहाणा घालण्यापूर्वीं उलट्या करून झटकाव्या. पाण्याची ऊब पायानें न पाहतां दुसऱ्यानें कोपरानें पाहावी. घट्टा पात्यानें कापूं नये. पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. देवदर्शनास जाणें झाल्यास देवळाच्या तापलेल्या फरशीची वेळ टाळावी; देवास भक्ति हवी असते, फोड नको असतात. जखम दिसतांच पायावरचा भार काढावा, स्वच्छ पट्टी बांधावी व एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जावें. सूज, लाली, दुर्गंधि, काळेपणा किंवा ताप असल्यास त्याच दिवशीं जावें. आणि कोणी नवें औषध सुचविल्यास नम्रपणें विचारावें: हें याच जातीच्या जखमेवर, किती जणांवर, कशाशीं तुलना करून पाहिलें आहे? विचारण्यांत वडिलांचा किंवा डॉक्टरांचा अपमान नाहीं.

शेवटीं सूनबाईंची गोष्ट. पाय उलटून पाहण्याचें तिलाच सुचलें; पण तें दोन दिवस उशीरां. संकोच आड येत होता. सासऱ्यांच्या किंवा चुलतसासऱ्यांच्या पायाखालीं डोकावणें अनेक घरांत अजून अवघड वाटतें, आणि वडील माणसांसही पाय दुसऱ्यापुढें धरणें रुचत नाहीं. हा संकोच वडिलांनींच मोडावा. संध्याकाळीं दिवा लागल्यावर, नातवंडें नमस्कारास आलीं म्हणजे, आजोबांनीं स्वतः पाय वर उचलून म्हणावें, "बाळांनो, तळवा कसा आहे, तेवढें पाहून सांगा."